कूलंटमध्ये तेल गेल्यावर कोणता क्लीनर घ्यावा: पाच पर्यायांची पारख

गाडीच्या एक्स्पान्शन टँकचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट जिथे साठतं त्या टाकीचं, झाकण उघडल्यावर आत दुधाळ कॉफीच्या रंगाचा, बोटाला चिकटणारा लगदा दिसला, की बहुतेक जण आधी ‘रेडिएटर फ्लश’ लिहिलेली बाटली आणतात. ती बाटली वाईट नसते, ती दुसऱ्याच कामासाठी बनवलेली असते. गंज आणि क्षारांचा थर काढायला आम्ल लागतं, तेल सुटायला अल्कली. आतल्या धातूवर तेलाची साय बसलेली असेल तर आम्ल धातूपर्यंत पोचतच नाही. पाणी काळं निघतं, समाधान वाटतं आणि आठवडाभरात टाकीत पुन्हा तवंग दिसतो.

म्हणून इथे पारख करताना चार गोष्टी पाहिल्या आहेत. माल तेल फोडतो का, फेस किती करतो, ॲल्युमिनियम आणि रबर यांचं काय करतो, आणि तो स्वतः धुऊन निघायला किती पाणी खातो. हा शेवटचा मुद्दा डब्यावर कधीच छापलेला नसतो.

पण कोणताही क्लीनर घेण्याआधी तेल आलं कुठून ते शोधा. गळती चालू ठेवून केलेली सफाई वाया जाते. पाणी-तेल एकमेकांशेजारून जाणारा प्लेटचा ऑइल कूलर असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. इंजिन चालू असताना तेलाचा दाब ३ ते ४ बारच्या आसपास असतो, कूलंटचा साधारण १ ते १.४ बार. त्यामुळे कूलरची आतली प्लेट किंवा सील गेलं की तेल कूलंटमध्ये ढकललं जातं. इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब लगेच शून्यावर येतो, गरम कूलंटचा मात्र बराच वेळ टिकतो, आणि मग उलटा प्रवास सुरू होतो. म्हणूनच डिपस्टिकही (इंजिन तेलाची पातळी पाहायची पट्टी) पाहायची. तेल दुधाळ झालं असेल तर फक्त कूलंटची बाजू धुऊन भागणार नाही, तेल आणि फिल्टरही बदलावे लागतील, बहुधा दोनदा.

कूलर काढून एका बाजूची तोंडं बंद करा, दुसऱ्या बाजूला कमी दाबाची हवा द्या आणि तो गरम पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे आले तर निकाल लागला. हेड गॅस्केटचा, म्हणजे सिलिंडर हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा, संशय असेल तर टाकीच्या तोंडावर ब्लॉक टेस्टर लावा. त्यातलं निळं द्रावण पिवळं झालं तर कूलंटमध्ये जळालेला वायू येतो आहे. मात्र गॅस्केट फक्त तेलाच्या आणि पाण्याच्या वाटेमध्येच फाटलं असेल तर ही चाचणी स्वच्छ येते, कारण सिलिंडरमधला वायू त्या वाटेवर नसतोच. चाचणी निळी राहिली म्हणून गॅस्केट निर्दोष ठरत नाही.

ऑटोमॅटिक गाडीत लगदा गुलाबी किंवा लालसर दिसला तर ते गिअरबॉक्सचं तेल आहे. रेडिएटरच्या टाकीत बसवलेला कूलर फुटलेला असतो. अशा वेळी रेडिएटर धुण्याच्या भानगडीत न पडता तो बदलाच, आणि गिअरबॉक्सकडे त्याआधी पाहा. ग्लायकॉल आणि पाणी क्लच प्लेटच्या घर्षणाच्या अस्तराचा चिकटा सैल करतात. तिथलं नुकसान रेडिएटरपेक्षा फार मोठं असतं.

एक शक्यता अशीही असते की तेल नाहीच. दोन न जुळणारी कूलंट एकत्र झाली किंवा कोणी गळती थांबवणारी पावडर टाकली, तरी तपकिरी चिखल होतो. पांढऱ्या टिश्यूवर थेंब ठेवा. तेल असेल तर पाणी उडून गेल्यावरही पारदर्शक, स्निग्ध डाग राहतो. नुसता चिखल असेल तर कण वर उरतात आणि डाग कोरडा होतो.

आता पर्याय.

भांडी घासायचा लिक्विड साबण. सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत जास्त त्रास देणारा. तेल तो फोडतो, यात वाद नाही. पण तो हाताने घासताना भरपूर फेस यावा म्हणूनच बनवलेला असतो. वॉटर पंपाच्या पात्यांनी तो फेटला की सिस्टिममध्ये पाण्याऐवजी फेस फिरतो, आणि फेस म्हणजे बहुतांशी हवा. ती हेडमधल्या अरुंद वाटांत अडकली की तिथला धातू तापतो आणि तापमानाचा काटा तो प्रकार दाखवतही नाही, कारण सेन्सर पाण्यात नसतो. शिवाय असे साबण दाट दिसावेत म्हणून त्यांत बहुधा मीठ असतं, आणि ॲल्युमिनियमला क्लोराइड मानवत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तो निघत नाही. सहा-सात वेळा पाणी बदलल्यावरही झाकणाखाली बुडबुडे दिसतात. काढून ठेवलेली टाकी, थर्मोस्टॅटचं (कूलंट गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर, सुटे पाइप बेसिनमध्ये धुवायला हा साबण उत्तम. इंजिनात मात्र नको.

डिशवॉशर मशिनची पावडर. घरगुती उपायांत हाच खरा पर्याय. फेस जवळजवळ नसतो, कारण मशिनमध्ये फेस चालत नाही. सोडियम कार्बोनेट, सिलिकेट, सायट्रेट असे घटक असल्यामुळे पाणी चांगलंच अल्कलाइन होतं, पीएच १० ते ११ च्या घरात. दर लिटर पाण्याला १५ ते २० ग्रॅम पुरे. ७ लिटरच्या सिस्टिमला १०० ते १४० ग्रॅम होतात. जास्त टाकल्याने काम लवकर होत नाही, धुणं लांबतं.

पण हा उपाय सांगणारे बहुतेक जण दोन गोष्टी सांगत नाहीत. एक, पावडर बादलीत गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, गाळून मगच ओतायची. न विरघळलेले दाणे हीटर कोअरच्या (गाडीच्या आत गरम हवा देणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या) बारीक नळ्यांत जाऊन बसतात. दोन, ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर साधारण पीएच ९ च्या वर टिकत नाही. सिलिकेटमुळे थोडं संरक्षण मिळतं, तरी गरम द्रावण २० ते ३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. ‘रात्रभर भिजत ठेवा’ हा सल्ला भांड्यांसाठी ठीक आहे, ॲल्युमिनियम हेडसाठी नाही. क्लोरीनवाली पावडर टाळावी. टॅब्लेटही टाळाव्यात, त्यांचं वेष्टन आणि दाबलेले थर नीट विरघळत नाहीत. ऑक्सिजन ब्लीच असलेली पावडर गरम पाण्यात वायू सोडते, तेव्हा झाकण घट्ट लावून इंजिन सुरू करायचं नाही. तोवर थोडी वाट पाहा, बादलीतच तिला शांत होऊ द्या.

फ्रंट लोड वॉशिंग मशिनची कमी फेसाची पावडर याच्याच जवळ जाते, पण सुगंध आणि एन्झाइमचा इथे काही उपयोग नाही. टॉप लोडची पावडर म्हणजे पुन्हा फेसाचा कारखाना.

आम्ल असलेला रेडिएटर फ्लश. वर म्हटलं तसं, चुकीच्या रोगावरचं औषध. तरी त्याला जागा आहे. तेल पूर्ण निघाल्यावर आत गंज किंवा क्षार दिसले तर दुसऱ्या फेरीत तो वापरता येतो. क्रम उलटा करू नये, आणि अल्कलीचं पाणी पूर्ण धुऊन निघेपर्यंत आम्ल टाकू नये. दोन्ही एकत्र झाले की एकमेकांना मारतात आणि दोन्हींचे पैसे पाण्यात जातात. बाटलीच्या मागे सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक ॲसिडचं नाव असेल तर ती या गटातली.

तेलासाठीच बनवलेले क्लीनर. इथे दोन टोकं आहेत. फ्लीटगार्डचं रिस्टोर हे मोठ्या डिझेल इंजिनांसाठीचं अल्कलाइन क्लीनर. तेल, डिझेल, ग्रीस आणि सिलिकेटची जेली काढणं हेच त्याचं काम. प्रमाण १० ते १५ भाग पाण्याला १ भाग, म्हणजे ७ लिटरला साधारण ४७० ते ७०० मिली. इंजिन किमान ८५ अंशांवर तास ते दीड तास चालवायचं, हीटर पूर्ण गरमवर. नावात गल्लत करू नका. रिस्टोर प्लस हे वेगळं उत्पादन आहे, ते गंज आणि क्षारांसाठी आहे. जाड लगदा भरलेल्या सिस्टिमला या यादीतलं सर्वांत योग्य औषध रिस्टोर. अडचण एकच, ते ट्रकच्या मापाच्या डब्यांत येतं आणि एका कारला त्यातलं थोडंसंच लागतं.

दुसऱ्या टोकाला लिक्वी मोलीच्या रेडिएटर क्लीनरसारखी सौम्य उत्पादनं. ३०० मिलीची बाटली १० लिटरला, इंजिन गरम करून १० ते ३० मिनिटं. तीव्र आम्ल किंवा अल्कली नसल्यामुळे ॲल्युमिनियमची काळजी कमी. पातळ तवंग असेल, किंवा मोठी सफाई झाल्यावर शेवटचा हात फिरवायचा असेल, तर हे छान बसतं. लगदा चमच्याने काढावा लागतो आहे अशा स्थितीत एका बाटलीकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

रॉकेल, डिझेल, पेट्रोल, थिनर. सरळ नाही. कूलंटचे होज बहुधा ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर ग्लायकॉल आणि गरम पाणी वर्षानुवर्षं सोसतं, पण पेट्रोलियम तेल लागलं की फुगतं, मऊ पडतं. तेच नुकसान इंजिन ऑइलने आधीच सुरू केलेलं असतं, त्यात रॉकेल ओतणं म्हणजे काम पूर्ण करणं. आगीचा धोका वेगळाच. सॉल्व्हंटवाले इंजिन डिग्रीझर स्प्रेही याच गटात धरा.

एक छोटी वस्तू या यादीत नसते आणि असायला हवी: फक्त तेल शोषणारे पांढरे पॉलिप्रॉपिलीन पॅड. ते पाणी घेत नाहीत, तेल घेतात. इंजिन बंद असताना टाकीत वर आलेल्या तवंगावर पट्टी ठेवली की क्लीनरचं निम्मं काम हलकं होतं. दोरा बांधून ठेवा. इंजिन सुरू करण्याआधी काढा, नाहीतर पट्टी पाइपात ओढली जाईल.

क्लीनर कोणताही घ्या, निकाल ठरतो तो पद्धतीवर. थंड पाण्यात उत्तम अल्कलीही तेल नीट सोडवत नाही. उष्णतेने तेल पातळ होतं तेव्हाच ते सुटतं.

सुरुवात हाताने. इंजिन थंड असताना जुना माल खाली काढा. रेडिएटरचा नळ आणि ब्लॉकला ड्रेन प्लग असेल तर तोही उघडा. टाकी सुटी करा आणि बाहेर धुवा. काही गाड्यांच्या टाकीत सिलिका जेलची पिशवी असते. तेल लागलेली ती पिशवी धुता येत नाही, टाकीच बदला. खालचा होज काढून त्यात बोट घाला. आतून चिकट, पुठ्ठ्यासारखा थर असेल तर तो बाटलीब्रशने काढा. जितका लगदा बाहेर काढाल तितका क्लीनरचा खर्च आणि वेळ वाचतो. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच बहुतेक ठिकाणी ते होत नाही.

हीटर कोअर वेगळा धुवा. दोन्ही पाइप फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यापाशी) सोडवा आणि कोमट पाणी उलट दिशेने, म्हणजे परतीच्या पाइपातून आत सोडा. दाब कमीच ठेवा. पूर्ण नळ सोडला तर कोअरचे जोड फुटू शकतात, आणि तो बदलायला अनेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. हाच कोअर मधे ठेवून बाकी सिस्टिम फिरवली तर सुटलेला सगळा लगदा आधी त्याच्यात जाऊन अडकतो.

थर्मोस्टॅटबद्दल नेहमी सांगतात की काढून टाका. प्रत्येक इंजिनाला ते लागू नाही. ज्या थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते, तो उघडताना ती चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करते. तो काढला की बरंचसं पाणी बायपासमधूनच गोल फिरतं, रेडिएटर धुतलाच जात नाही, वर इंजिन तापण्याची भीती. अशा इंजिनात जुना थर्मोस्टॅट राहू द्या, इंजिन तो उघडेपर्यंत गरम करा आणि सफाई संपल्यावर नवा बसवा. एकच चकती असेल तर काढायला हरकत नाही, मात्र मग पाणी गरम व्हायला वेळ लागतो आणि रेडिएटरसमोर पुठ्ठा लावावा लागतो. पुठ्ठा लावला असेल तर तापमानावरची नजर हलवू नका.

आता क्लीनरचं गरम पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढा आणि इंजिन चालवा. वरचा आणि खालचा दोन्ही होज गरम झाले की वेळ मोजायला लागा. आधी नाही. पावडरला २० ते ३० मिनिटं, तयार क्लीनरला डब्यावर लिहिलेला वेळ. आरपीएम मधूनमधून १५०० ते २००० पर्यंत न्या, म्हणजे पंप जोरात फिरेल. वेळ झाली की बंद करा, ५० अंशांच्या खाली येऊ द्या आणि काढा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेड वाकण्याची किंवा तडकण्याची वाट मोकळी होते. दुसरीकडे पूर्ण थंड होईपर्यंत थांबलात तर सुटलेलं तेल पुन्हा भिंतींवर बसतं. कोमट असतानाच काढायचं.

काढलेलं पाणी पारदर्शक बरणीत भरून अर्धा तास ठेवा. वर तेलाचा थर जमला किंवा पाणी दुधाळच राहिलं तर क्लीनरची आणखी एक फेरी. जाड लगदा असेल तर दोन ते तीन फेऱ्या धरून चाला. बरणीतलं पाणी नुसतं गढूळ असेल, वर काही तरंगत नसेल, तर धुण्याकडे वळा.

धुण्यातलं गणित लोक हमखास चुकवतात. ७ लिटरच्या सिस्टिममधून फक्त रेडिएटरचा नळ उघडून ४ लिटर निघत असतील, तर ३ लिटर मळकं पाणी आतच राहतं. पहिल्या धुण्यानंतर मूळ द्रावणाचा सुमारे ४३ टक्के भाग उरतो, दुसऱ्यानंतर १८, तिसऱ्यानंतर ८, चौथ्यानंतर ३ टक्क्यांच्या जरा वर. म्हणजे ‘दोनदा पाण्याने काढलं’ याचा अर्थ जवळजवळ पाचवा हिस्सा क्लीनर आत आहे. नव्या कूलंटमधली गंजरोधक रसायनं तो आधी खाऊन टाकेल. प्रत्येक धुण्यात इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवायला हवं, नाहीतर रेडिएटरमधलं पाणी ब्लॉकमधल्या पाण्याशी मिसळत नाही आणि हे गणितही खोटं ठरतं. निघालेल्या पाण्याचा पीएच कागद आणि ताज्या पाण्याचा कागद एकाच रंगाचे आले, तेव्हा थांबा. शेवटची दोन धुणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाण्याने करा.

रबराचा हिशेब सफाईनंतर करायचा. होज दाबून पाहा. तेल प्यायलेला होज लोण्यासारखा दबतो, क्लॅम्पच्या पुढे फुगलेला असतो, तोंड कापून पाहिलं तर आतला थर सुटत असतो. असा होज धुऊन पूर्ववत होत नाही. थर्मोस्टॅटची रिंग, पाइपच्या ओ-रिंग आणि टाकीचं झाकण हे तर न तपासताच बदला. किंमत किरकोळ आणि जागा गळतीची. रेडिएटरचा प्लास्टिकचा भाग आणि ॲल्युमिनियमचा गाभा यांच्यामधली रबरी पट्टीही याच जातीची असते आणि ती सुटी बदलणं सहसा परवडत नाही. तेल महिनोन्‌महिने फिरलं असेल तर नवा रेडिएटर हिशेबात धरून ठेवा. सिस्टिमला झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब देऊन १५ मिनिटं काटा पाहणं, हा नवं कूलंट ओतण्याआधीचा शेवटचा टप्पा.

कूलंट भरताना तयार मिश्रण वापरू नका, कॉन्सन्ट्रेट घ्या. आत धुण्याचं पाणी उरलेलंच असतं, त्यात आधीच पातळ केलेलं कूलंट ओतलं तर ते आणखी पातळ होतं. ७ लिटरच्या सिस्टिममध्ये आधी साडेतीन लिटर कॉन्सन्ट्रेट, मग जागा उरेल तितकं डिस्टिल्ड पाणी. रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंटची तीव्रता मोजायच्या उपकरणावर) गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास आला तर प्रमाण निम्मं-निम्मं झालं. इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाड्यांत हवा काढायला स्कॅनरमधून (गाडीच्या संगणकाला जोडायच्या उपकरणातून) पंप चालवावा लागतो, नुसतं झाकण उघडं ठेवून भागत नाही.

बाहेर काढलेलं सगळं पाणी बंद डब्यात साठवा आणि वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यांकडे द्या. ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही दगावतात. गटारात तर ते जाताच कामा नये.

२०० ते ३०० किलोमीटर चालल्यावर इंजिन थंड असताना टाकीत पांढरा पॅड टेकवून पाहा. कोपऱ्यातून सुटलेलं थोडं तेल या टप्प्यावर वर येतंच, ती नवी गळती समजून घाबरायचं नाही. पॅडने ते टिपा आणि टाकीवर तारीख लिहा. हजार किलोमीटरनंतरचा डाग पहिल्यापेक्षा फिका हवा. तेव्हा कूलंट एकदा बदलून टाका. डाग तितकाच किंवा मोठा असेल तर पुन्हा क्लीनर विकत घेऊ नका, ऑइल कूलर पुन्हा बादलीत बुडवा.